शेवटच्या कडव्यातलं नाव

९ डिसेंबर २०२४, अनसिंग

विषय पास झाला एकदाचा. वाशीमच्या कॉलेजात जनसंवादाच्या शेवटच्या वर्षाला एक लघुपट करावा लागतो, दहा मिनिटांचा. आमच्या गटात आम्ही दोघंच, मी आणि संघदीप, म्हणजे माझ्या काकांचा मुलगा. त्याच्याकडे कॅमेरा आहे, लॅपटॉप आहे, मोटरसायकल आहे. डोकं तेवढं माझ्याकडे. त्यानं सुचवलेला विषय होता 'प्रेमात फसलेला युवक'. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. मग मी म्हटलं, माझे आजोबा शाहीर आहेत. शाहीर देवमन, अनसिंगच्या गायन पार्टीचे. भीमजयंतीला त्यांची गाणी अजून अख्ख्या तालुक्यात गातात. सर एकदम सरळ होऊन बसले. "घरात एवढं सोनं आणि तुम्ही बाहेर काय शोधता?"

घरी सांगितलं तर बाबांचा चेहरा जो खुलला, तो मी दहावीत पहिली आले तेव्हाही खुलला नव्हता. बाबा शाळेत मास्तर आहेत आणि विहार समितीचे अध्यक्षही. विहाराच्या नव्या सभागृहाला आबांचं नाव द्यायचं चाललं आहे. म्हणाले, "चौदा एप्रिलला उद्घाटन. तुझा सिनेमा तिथंच दाखवू." आणि मग, मी न मागता, "चांगला झाला तर जूनमध्ये पुण्याला शिकायला जा."

पुणे! मी दोन वर्षं भांडते आहे त्यासाठी. आणि एका सिनेमावर हो म्हणाले. रात्री जेवताना आईच्या लक्षात आलं की मी उगीच हसते आहे.

१५ डिसेंबर

आबांची पहिली मुलाखत. हाती फारसं काही लागलं नाही.

आबा चौऱ्याऐंशीचे आहेत. जुनं लख्ख आठवतं, सकाळी काय जेवले ते विचारू नये. आईला मधूनच "भागी, पानी दे वं" म्हणून हाक मारतात. आई मुकाट्यानं पाणी देते. भागी कोण विचारलं तर म्हणाली, त्यांची धाकटी बहीण, भागिरथाबाई, इंझोरीला दिलेली. लग्नाकार्यात साडीवरून रुसली आणि मग माहेरी कधी आलीच नाही. आपल्याकडच्या बायका साडीवरून काय काय मोडतील सांगता येत नाही.

आबांनी त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हटलं, निंदणाचं, म्हणजे शेतात आपापली ओळ, पात, धरून तण काढतानाचं.

*वाकलेल्या पाठीले या उभं केलं भीमानं,*
*निंदणाच्या पातीवरी गाणं आलं मानानं.*

आवाज गेला आहे, पण पट्टी सुटत नाही. शेवटच्या कडव्याशी मात्र थांबले आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाबांनीच पुढे होऊन म्हटलं:

*इळा माह्या हाती बाई, तण कापीत जाईन,*
*देवमन म्हणे, भीमा, तुझं गाणं पेरीत जाईन.*

हे लिहून ठेवते, निवेदनात लागेल: गाणं बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. तेव्हा छापखाना कोणाला परवडत होता? गाणं या गावाहून त्या गावाला तोंडोतोंडी जायचं आणि नाव त्याच्यासोबत चालत जायचं. तीच त्यांची सही. सरांना हे फार आवडेल.

संघदीप ढोलकी वाजवतो. परत येताना म्हणाला, "शेवटच्या ओळीत ताल सांडून राह्यला. देवमन मावत नाही तिथं." म्हटलं, तू कॅमेरा सांभाळ, शाहिरी मला शिकवू नको.

२२ डिसेंबर

आज रामीबाईच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांना गायला लावलं. रामीबाई म्हणजे आमच्या वस्तीतली सगळ्यात फटकळ म्हातारी, आणि तिच्याबरोबर वैजयंतीकाकू. दोघींनी आधी "आमी काय गानाऱ्या हाओ का बाप्पा" म्हणून अर्धा तास खाल्ला, मग सुरू झाल्या त्या थांबेनात. फार सुंदर चित्रण झालं. उन्हात पांढरा कापूस आणि मागून तो सूर.

फक्त शेवट चुकीचा. "भागा म्हणे, भीमा, तुझं गाणं पेरीत जाईन." दोनदा थांबवलं. म्हटलं, देवमन म्हणे आहे ते. रामीबाई म्हणाली, "तुमच्या मानसायचं देवमन आसंन. आमी निंदतानी आयकलं तसं गातो. भागाबाईचं गानं म्हनतो आमी याले."

असेल, आबांच्या बहिणीनं कधीकाळी शेतात गायलं असेल, आणि गाणारीचं नाव गाण्याला चिकटलं. लोकपरंपरेत असं होतं, आमच्या पुस्तकात याच्यावर एक अख्खं प्रकरण आहे. तेवढ्यावरून कल्पना सुचली की इंझोरीला जाऊन या भागिरथाबाईंना गाठावं. भावाच्या लहानपणाच्या दोन गोष्टी सांगतील. रुसलेली बहीण भावाबद्दल बोलते, डोळ्यांत पाणी. प्रेक्षक खल्लास.

२५ डिसेंबर

स्पर्धेत नाव नोंदवलं. विद्यार्थी लघुपट स्पर्धा, बक्षीस समारंभ मार्चमध्ये नागपूरला, मुक्कामी. बाबा म्हणाले, पोरगी मुक्कामाला नको, दिग्दर्शक म्हणून संघदीपचं नाव दे, तोच जाऊन येईल. तुझं 'संशोधन आणि लेखन' म्हणून शेवटच्या पाटीवर येईलच.

थोडं लागलं. पण काय फरक पडतो? काम कोणी केलं ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

५ जानेवारी २०२५

इंझोरीहून आत्ताच आले. लिहिल्याशिवाय जेवण जाणार नाही.

घरी फक्त कारंज्याला मैत्रिणीकडे जाते एवढंच सांगितलं होतं. कारंज्याला उतरून दुसऱ्या एसटीनं इंझोरी. भागिरथाबाई अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. आबांचंच नाक, आबांचंच कपाळ.

"कोनाची वं तू?"

"देवमन आबांची नात. सुकेशनी."

सूप चालूच होतं. "मेला का तो?"

"नाही! चांगले आहेत. त्यांच्यावर सिनेमा काढतोय आम्ही."

"जित्ता हाये त सिनेमा कायले काढता?"

मी हसले, त्या हसल्या नाहीत. पण चहा ठेवला, आणि पुन्हा सूप घेऊन बसल्यावर मी मोबाइलवर चित्रण सुरू केलं तर नको म्हणाल्या नाहीत. भावाचं लहानपण विचारलं तर म्हणाल्या, "गळा होता त्याले. मोटेवर गाये त रस्त्यानं जानारे थांबत." मी विचारलं, आणि गाणी कशी सुचायची त्यांना? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "त्यालेच इचार."

एवढ्यावर भागणार नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी मोबाइलवर रामीबाईंचं गाणं लावलं आणि वर शहाणपणानं सांगितलं, "अनसिंगच्या बायका आहेत. छान गातात, फक्त शेवटी नाव चुकवतात."

सूप थांबलं. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चुकवतात?" आणि गाऊ लागल्या. आवाज पार फाटलेला, पण गाणं सबंध होतं. आबांना येतात त्याच्यापेक्षा दोन कडवी जास्त. एक बाभळीखाली जुन्या लुगड्याच्या धडप्याच्या झोळीत निजवलेल्या लेकराचं, एक पात पुढे न्यायची घाई करणाऱ्या मालकिणीचं. आबांनी आयुष्यात कधी निंदण केलं नाही. आमच्याकडे कोणताच पुरुष करत नाही. हे मला आजवर सुचलं कसं नाही? इळा, पात, निंदण. अख्खं गाणं बाईच्या हातातलं आहे आणि मी त्यावर निवेदन लिहीत होते.

मग त्या बोलल्या, आणि मी नुसता मोबाइल धरून बसले.

"पात धरली का गानं ये. मी म्हनो, बाया झेलत. सांजच्याले देवमन आयकून घे आन् पार्टीत गाये. मले बरंच वाटे, भाऊ गाते म्हनून. पयले नाव भागाचंच घे तो. मंग पार्टीचं नाव झालं. वाशीमले मोठा कार्यक्रम होता. मी पोरगं कडेवर घेऊन गेली आयकाले. शेवटचं कडवं आलं आन् हा म्हने, देवमन म्हणे. मले वाटलं, चुकला. मी उभी राह्यली. म्हटलं, भाऊ, चुकला, भागा म्हन. समदे हासले. आन् हा माईकवरून म्हने, माही बहीन हाये, तिचं डोकं ठिकानावर नाही, तिले बसवा."

"आणि मग?"

"मंग काय. बसवलं दोघा मानसायनं दंड धरून."

मी विचारलं, मग ते साडीचं भांडण? त्यांना कळेचना. "कोनती साडी?"

निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्या सिनेमात नाव कुठं येते? शेवटच्या कडव्यात?" म्हटलं, हो, शेवटीच, पडद्यावर पाट्या येतात. "मोठ्यानं म्हनते का कोनी?" नाही आजी, वाचायच्या असतात. "मंग माह्या काय कामाचं. मले कुठं वाचता येते."

मी त्यांचा हात धरून सांगितलं, तुमचं नाव मोठ्यानं येईल, सगळ्यांना ऐकू जाईल असं, माझा शब्द आहे.  त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या.

६ जानेवारी

बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल. त्यांनी उठून आधी दार लावलं. म्हणजे माहीत होतं! लहानपणापासून माहीत होतं!

"तुले काय वाटते, आमाले समजत नाही?" बाबा रागावले की मास्तरांची प्रमाण भाषा गळून पडते. "पन घरान्यात एक मानूस मोठा झाला, एकच. त्याच्या नावावर आमी शिकलो, त्याच्या नावावर तुले लोक वळखतात. आता त्याले शुद्ध नाही राह्यली अन् तू चारचौघांत त्याची अब्रू काढतं? सभागृहाच्या पाटीवर नाव कोरून आलं हाये, सुकेशनी."

मी म्हटलं, आणि आजीची अब्रू? दोन माणसांनी दंड धरून बसवलं तिला.

 बाबा अगदी हळू म्हणाले, "पुण्याचं मी अजून कोणाला बोललो नाही. तुझ्या काकांना पसंत पडणार नाही. मलाच त्यांच्याशी भांडावं लागणार आहे."

आवाज जराही चढला नव्हता. मला कळलं त्यांना काय म्हणायचं आहे. चीड आली, आणि ती त्यांचीच आली असं म्हणता येत नाही.

१२ जानेवारी

आबांचं मुख्य चित्रण. झालं. व्यवस्थित झालं.

जे घडलं ते लिहिते. आबांना पांढरा सदरा घातला, निळा फेटा बांधला, पुढ्यात पेटी ठेवली. ओसरीवर ऊन फार छान होतं. आबांनी गाणं उचललं आणि आज कुठं म्हणून अडले नाहीत. शेवटचं कडवं आलं, डोळे मिटले आणि स्वच्छ म्हणाले, "भागा म्हणे, भीमा, तुझं गाणं पेरीत जाईन." ताल कुठेही सांडला नाही.

संघदीपनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलण्याआधी बाबा म्हणाले, "आबा, देवमन म्हणे. पुन्हा घ्या."

आबा म्हणाले, "हं." पुन्हा गायले. पुन्हा भागा. तिसऱ्यांदाही भागा. शेवटी बाबा आत गेले, शाळेतली पाटी आणली, तिच्यावर खडूनं 'देवमन' लिहिलं आणि कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून धरली. पहिलीच्या पोरांना शिकवताना धरतात तशी. आबांनी डोळे बारीक करून वाचलं आणि तसं गायले.

बाबांनी संघदीपला आधीची चित्रणं पुसायला सांगितली. त्यानं पुसली. मी थांबवलं नाही. मी उजेड बघत होते.

फेटा सोडताना आबांनी माझं मनगट धरलं. "भागी आली का?" म्हटलं, नाही. "आली त मले सांगजो. तिले म्हना, म्या..." आणि पुढचं हरवलं. मग भूक लागली म्हणाले.

१९ जानेवारी

मधले दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय होतं?

बायकांचा शेवट जुळत नव्हता, म्हणून आज रामीबाई आणि वैजयंतीकाकूंना घरी बोलावून पुन्हा ध्वनिमुद्रण केलं. देवमन म्हणा म्हटलं. तोंडात बसेना त्यांच्या. दर वेळी ओळीच्या मध्यापर्यंत जायच्या आणि भागा निघायचं, मग हसू फुटायचं. वैजयंतीकाकू हसून हसून लाल झाल्या. मी ओरडले त्यांच्यावर. खरंच ओरडले, आईच्या वयाच्या बायकांवर.

मग जमलं. जाताना रामीबाईनं विचारलं, "तू इंझोरीले गेलती ना वं?" मी विचारलं, कोणी सांगितलं? "कोन सांगनार. आमचे सोयरे नाहीत का तिथं." आणि चहा न घेता गेली.

मी हे का करते आहे ते मला माहीत आहे. पुण्याला गेले, शिकले, की पुढे मोठा सिनेमा करीन भागाआजीवर. पूर्ण लांबीचा, तिच्या नावाचा. आत्ता हातात काय आहे? दहा मिनिटं. दहा मिनिटांत कोणाला न्याय मिळतो?

२ फेब्रुवारी

संकलन संपलं. सर म्हणाले, छान, पण म्हातारीची मुलाखत विषय भरकटवते, एकच म्हातारा ठेवा. मी वाद घातला नाही. कधी नाही ते मला कोणीतरी वाद न घालण्याचं कारण दिलं होतं.

पण भागाआजीला मी पूर्ण काढलं नाही. तिचे हात ठेवले. सूप, तूर, मनगटावरची हिरवी बांगडी, वर आबांचा आवाज. तिचा आवाज बंद केला आणि आबांचं गाणं तिच्या हातांवर टाकलं. सबंध सिनेमात याच्याइतकं सुंदर दृश्य नाही. संघदीपसुद्धा म्हणाला, "काय जमलं वं हे!"

वेळ थोडी जास्त होत होती. त्यानं शेवटच्या पाट्या काढल्या. दिग्दर्शकाचं नाव सुरुवातीलाच येतं, म्हणून ते राहिलं. पाठवायची शेवटची तारीख होती, मी नको म्हणेपर्यंत पाठवूनही झालं होतं. माझं नाव फक्त शेवटी होतं.

१० फेब्रुवारी

इंझोरीला फोन करायचा म्हणून त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर लावला आणि पलीकडून हॅलो आल्यावर ठेवून दिला.

१७ मार्च

पहिलं बक्षीस! संघदीप काल नागपूरला जाऊन घेऊन आला. वस्तीच्या ग्रुपवर फोटो फिरतो आहे: अनसिंगचा युवा दिग्दर्शक. फोटोत त्याच्या हातात मानचिन्ह आहे, गळ्यात शाल. काकांनी पेढे वाटले, मलाही दिला, आणि म्हणाले, "तुझीबी मदत झाली म्हणे त्याले."

मदत.

परीक्षक बाईंना हातांचं दृश्य फार आवडलं, असं संघदीप सांगत होता. त्यांनी विचारलं, कल्पना कोणाची? मी विचारलं, मग तू काय सांगितलं? तो म्हणाला, "आता तिथं काय सांगत बसू? माहीच म्हटलं." आणि वाईट अजिबात वाटलं नाही त्याला. चांगला मुलगा आहे तो. त्याला खरंच वाटतं की त्यानं केलं.

बाबांना पुण्याचं विचारलं. संघदीप जातो आहे, काकांनी त्याचं ठरवलंच आहे. तो तिथं बसला की पुढच्या वर्षी बघू तुझं, म्हणाले. भांडले का काकांशी, विचारलं तर वर्तमानपत्र उघडलं.

१५ एप्रिल

काल जयंती झाली. सभागृहाचं उद्घाटन झालं. संगमरवरी पाटी लागली, शाहीर देवमन सभागृह.

अंधार पडल्यावर पडदा लावला. सभागृह भरून बायका बाहेर ओसरीवर बसल्या होत्या. आबा पहिल्या रांगेत, निळ्या फेट्यात. बाबांनी माईकवरून सांगितलं, आमच्या घरचाच पोरगा, युवा दिग्दर्शक संघदीप, टाळ्या द्या. टाळ्या झाल्या. दिवे गेले तेव्हा मला दाराशी भागाआजी दिसली. मी बोलावलं नव्हतं. रामीबाईचा हात धरून उभी होती, इस्त्रीचं पांढरं पातळ, चप्पल हातात.

सिनेमा सुरू झाला. तिचे हात आले. सूप, तूर, बांगडी. बायकांत कुजबूज झाली, कोणाचे हात आहेत म्हणून. माझी नजर पडद्यावर नव्हती, दाराकडे होती. ती आपल्याच हातांकडे बघत होती आणि वर भावाचा आवाज चालला होता. कडवं आलं. देवमन म्हणे.

"चुकला रे!"

आबा उठून उभे राहिले होते. काठी पडद्याकडे रोखलेली. "चुकला! भागा म्हन! भागाचं हाये ते गानं, भागीचं, माह्या बहिनीचं!"

आधी कोणाला कळलं नाही. मग कोणीतरी हसलं आणि हसू सगळ्या सभागृहात पसरलं. प्रेमानंच हसत होते सगळे. बुढा सोताच्या गान्यातच सोताले चुकवून राह्यला, असं माझ्या शेजारचा म्हणाला. आबा तेच तेच ओरडत होते. बाबांनी माईक घेतला. "आबांचं वय झालं, समजून घ्या. त्यायले बसवा जरा." समितीचे दोघं पुढे झाले आणि दोन्ही दंड धरून आबांना खुर्चीत बसवलं.

अख्ख्या सभागृहात सत्य माहीत असलेले किती होते? बाबा, संघदीप, रामीबाई, दाराशी ती, आणि मी. मी बसूनच राहिले. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते, उठले नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या.

नंतर भोजनदानाची गडबड. मी तिला नळाशी गाठलं. काय बोलणार होते, मला अजून सांगता येत नाही. तीच आधी बोलली.

"हात चांगले काढले माहे."

"आजी, मी..."

"देवमन बोलला." तिचा चेहरा पहिल्यांदा सैल दिसला. "लोकायनं नाही आयकलं. म्या आयकलं." ती चूळ भरून थांबली. मग म्हणाली, "तुहं नाव कुठं आलं वं? म्या वाट पाहून राह्यलती."

"आलं ना, आजी. शेवटी आलं होतं."

"मले नाही दिसलं."

"तुम्हाला वाचता येत नाही ना," मी म्हटलं. हे माझ्या तोंडून निघालं. सरळ तिच्याकडे बघून म्हटलं मी.

तिनं पदरानं तोंड पुसलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"वाचता नाही येत. पन संघदीप म्हनून मास्तर माईकवर बोलला, ते मले आयकू आलं. सुकेशनी म्हटलं असतं त तेबी आलं असतं."

चप्पल घालून ती रामीबाईच्या घराकडे निघाली. मी पंगतीत वाढायला गेले. पुऱ्या संपत आल्या होत्या आणि बाबा हाक मारत होते.